शुक्रवारच्या रकान्यातली शालूबाई

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. मला गंज चढत नाही, माझी पानं पिवळी पडत नाहीत. त्यामुळे माझं वय कोणाच्या लक्षात येत नाही आणि माझ्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तेच आहे. तळेगावचे गोपाळकृष्ण सर मला 'आपली साइट' म्हणतात. मळवलीच्या शालूबाई मला 'गाडीची पाटी' म्हणतात. खरं सांगायचं तर मला शालूबाईंनी ठेवलेलं नाव जास्त आवडतं.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझा जन्म झाला. सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि आपल्या आजारी बहिणीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेत होते. मूत्रपिंडं थकली की रक्त यंत्रातून साफ करून घ्यावं लागतं, ते हे डायलिसिस. तिथल्या बाकावर बसून सर बघत असत. कुसगाव, मळवली, सोमाटण्याहून माणसं कशीबशी येत, पण चार तास यंत्रावर काढल्यावर त्यांना स्टेशनचा जिना चढवत नसे. आणि त्याच रस्त्यानं एकेकटा माणूस घेऊन कितीतरी गाड्या रोज कारखान्यांकडे जात-येत होत्या. सरांनी हे गणित आपल्या इंजिनिअर भाचीला, अपूर्वाला घातलं. तिनं चार दिवसांत मला उभी केली.

पण अपूर्वानं मला एकटीनं घडवलं असं समजू नका. माझा पाया, भिंती, कड्याकुलपं हे सगळं जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात लिहून, कोणीही घ्यावं म्हणून मोकळं ठेवलेलं आहे. माझं वेळापत्रक तर कुठल्याशा दूर देशातल्या एकाच माणसानं लिहिलेलं. त्यात सात वारांचे सात रकाने. ज्याचं डायलिसिस ज्या वारी, त्याचं नाव त्या रकान्यात. गाडीवाल्यानं सकाळी मला उघडायचं, आजचा रकाना बघायचा आणि 'मी नेतो'वर बोट टेकवायचं, एवढंच माझं काम.

ते काम मी चोख केलं. सरांची बहीण पुढे वारली, तरी सरांनी मला बंद केलं नाही. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, त्यांना शाल आणि नारळ मिळाला. मला काही मिळालं नाही, पण शालूबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी वेळेवर पोचत होत्या. त्या आणि त्यांचे यजमान बजरंगभाऊ मळवलीला एका बंगल्याची राखण करतात, शिवाय घरचं भाताचं खाचर आहे. भाऊंना स्कूटर चालवता येत नाही. त्यामुळे शालूबाईंचा जीव माझ्या दोन रकान्यांवर होता असं म्हटलं तर ते खोटं नाही.

मग अपूर्वा नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जाताना तिनं सरांना बजावलं होतं की कोपऱ्यात लाल आकडा दिसला की समजायचं, कोणीतरी माझा एखादा भाग सुधारून ठेवला आहे. आधी माझी एक नक्कल काढायची, सुधारणा त्या नकलेवर करून बघायची आणि मगच मला हात लावायचा. सरांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली. पण पहिल्याच खेपेला माझी सगळी मराठी अक्षरं चौकोन झाली आणि दोन दिवस तशीच राहिली. त्या दिवसापासून सरांनी धसका घेतला. 'चालतंय ना, मग कशाला हात लावा,' असं म्हणून ते लाल आकड्याकडे काणाडोळा करू लागले. आकडा एकाचा चार झाला, चाराचा तेवीस झाला.

शेवटी मला जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. साइट फार जुनी झाली, कुलपं कच्ची आहेत, सुधारा नाहीतर बंद करू. सरांनी गणपती होऊ दिले. मग पितृपक्ष लागला, त्यात नवं काम कसं करायचं. खंडेनवमीला घरातला पाना, कात्री, खलबत्ता यांच्या शेजारी लॅपटॉपही पाटावर बसला. त्यावर झेंडू आला, हळदकुंकू आलं, थोडी हळद कळांच्या फटींत गेली. दुसऱ्या दिवशी दसरा, गुरुवार. दुपारी विजय मुहूर्तावर सरांनी बटण दाबलं. नक्कल काढली नव्हती. वही कपाटात होती आणि मुहूर्त टळत होता.

तेवीसचं शून्य झालं. माझा रंग उजळला. सरांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले आणि सगळे आपट्याची पानं घेऊन एकमेकांकडे गेले.

माझ्यात काय झालं होतं ते मला कळत होतं, पण बोलण्याची सोय नव्हती. ज्या माणसानं वेळापत्रक लिहिलं, त्यानं नव्या आवृत्तीत आठवडा रविवारपासून धरला होता. आधी तो सोमवारपासून होता. वरचे वार एकेक घर सरकले, खालची नावं जागच्या जागी राहिली. शुक्रवारची शालूबाई गुरुवारच्या रकान्यात गेली आणि शनिवारच्या भागूबाई शुक्रवारात आल्या.

शुक्रवारी सकाळी कुसगावच्या ओंकारनं मला उघडलं. कारखान्यात जाता-येता तो ज्याला लागेल त्याला नेतो. भागूबाईंचं नाव बघून तो त्यांच्या दारात गेला, तर कुलूप. सणाला लेकीकडे गेल्या असतील असं समजून तो कामावर निघून गेला. मळवलीला वळायचं त्याला कारणच नव्हतं.

मळवली स्टेशनबाहेर शालूबाई पिशवी घेऊन सातपासून उभ्या होत्या. पिशवीत फाइल, शाल आणि भाकरी. त्यांच्याकडे फोन होता, पण फुकट नेणाऱ्या माणसाला फोन करून घाई करणं त्यांना बरं वाटलं नाही. अकरा वाजता त्यांनी सरांना फोन केला, तोवर त्यांची यंत्रावरची वेळ निघून गेली होती. दुसरी वेळ मिळाली ती शनिवारी दुपारची. मधल्या वेळात त्यांचे पाय सुजले, आडवं झालं की दम लागू लागला. बजरंगभाऊ त्यांना भिंतीला टेकवून बसून राहिले. त्या वाचल्या, मित्रांनो, पण थोडक्यात वाचल्या. हे सांगताना मला आजही चांगलं वाटत नाही.

अपूर्वानं बंगळुरूहून फोनवर सांगितलं, त्याप्रमाणे सरांनी एका जागी 'रविवार'च्या ऐवजी 'सोमवार' निवडला. अर्ध्या मिनिटात मी बरी झाले. सरांचा राग मात्र बरा झाला नाही. त्यांनी वेळापत्रक लिहिणाऱ्या त्या माणसाला हेडमास्तरी थाटात पत्र लिहिलं. आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे एका महिलेच्या जिवावर बेतलं, याचा खुलासा करावा. अपूर्वानं कुरकुरतच ते इंग्रजी करून पाठवलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. त्या बाईंचं ऐकून मला फार वाईट वाटलं, असं त्यानं आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की आठवड्याचा बदल सूचनेत पहिल्याच ओळीत दिला होता. नक्कल काढा, असंही लिहिलं होतं. नवी आवृत्ती कोणीतरी तपासून द्या, म्हणून तो अकरा महिने विनवत होता, एकही माणूस पुढे आला नाही. नऊ वर्षं तो हे काम एकटा, नोकरी सांभाळून, बिनपैशाचं करतो आहे.

सर ते पत्र घेऊन मळवलीला गेले. शालूबाईंनी तरी आपली बाजू घ्यावी असं त्यांना वाटत होतं. त्या अंगणात बसून तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, त्यो मानूस पगारी हाय का?"

"नाही."

"मंग त्याला कशापायी बोललात? ओंकारची गाडी बंद पडली आसती, तर त्याला आसं लिवलं आसतं का तुमी?"

शालूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आमी सावडीनं लावनी करतो. आज त्यानं आमच्या खाचरात यायचं, उद्या आमी त्याच्या. त्यो सा वरसं आपल्या खाचरात राबतोय. आपून त्याच्याकडं येकदा तरी गेलो का?"

"चूक माझी होती, शालूबाई," एवढंच सर म्हणाले. गणिताच्या मास्तरला हे वाक्य किती जड जातं ते मला माहीत आहे.

त्यानंतर सर त्या माणसाच्या खाचरात जाऊ लागले. नवी आवृत्ती निघायच्या आधी ते ती नकलेवर चालवून बघतात आणि अ, ब, क करत चुका लिहून धाडतात. त्यांनी धाडलेल्या पहिल्या यादीमुळे आता वेळापत्रक आठवडा बदलण्याआधी विचारतं. माझ्या तळाशी गाडी देणाऱ्यांची यादी आहे. तिथे ओंकारच्या खाली सरांनी त्या माणसाचं नाव घातलं. शालूबाईंनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यो कुठल्या गावचा? नवा तांदूळ धाडायचा हुता."

परवा पुन्हा लाल आकडा आला. सरांनी दिवस निवडला तो पौषातल्या अमावास्येचा, कारण तो रविवार होता आणि रविवारी कोणाचं डायलिसिस नसतं. आधी वही काढली. मग नक्कल काढली. नकलेवर सगळं करून बघितलं आणि एकेकाला फोन लावला.

"शालूबाई, तुमचे वार कोणते?"

"मंगळवार आन शुक्रवार."

सरांनी माझ्याकडे बघितलं, बोटानं दोन्ही रकाने तपासले आणि मग बटण दाबलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी कोणी असेल. तिचा लाल आकडा साठू देऊ नका आणि मुहूर्तही बघू नका. ज्यानं तिला घडवलं त्याला कधीतरी विचारा, काही मदत हवी का. आणि बटणावर बोट ठेवाल तेव्हा एवढं आठवा, की उद्या सकाळी सात वाजता स्टेशनबाहेर कोणीतरी पिशवी घेऊन उभं राहणार आहे, आणि ते फोन करणार नाही.