सवतीचं इंजिन

मी मस्टँग बोलतेय. रंग पिवळा, जन्म एकोणीसशे सत्तरचा, घराणं फोर्डचं. बायकांनी वय सांगू नये म्हणतात, पण माझं वय पुढच्या काचेखालच्या पट्टीवर कायमचं ठोकलेलं आहे. लपवून काय करू?

माझ्या नाकावर धावता घोडा आहे आणि पोटात शेवरोलेचं इंजिन. हे ऐकून तुम्ही शांत बसलात, म्हणजे तुम्ही मिशिगनचे नाही. आमच्याकडे हे वाक्य जेवणाच्या टेबलावर कुणी उच्चारलं तर बाकीच्यांचे काटे-चमचे ताटात थांबतात. डिअरबॉर्न हे फोर्डचं गाव आणि फ्लिंट शेवरोलेचं. मध्ये मोटारीनं तासाभराचं अंतर, पण सोयरीक जुळवायची वेळ आली की लोक ते समुद्राएवढं धरतात.

मला विकत घेतलं काझ वोइतासिकनं. तो फोर्डच्या कारखान्यात इंजिनं जुळवायच्या कामावर होता. माझं इंजिन त्याच्याच हातचं होतं असं तो पाहुण्यांना सांगायचा. खरं असेल किंवा नसेलही. तिथे दिवसाला शेकडो इंजिनं व्हायची. पण माणूस इतक्या प्रेमानं थाप मारत असेल तर गाडीनं तोंड उघडू नये.

घेतलं काझनं, पण मी होते बर्निसची. बर्निस म्हणजे त्याची बायको. उंची बेताची, चर्चमध्ये आवाज अगदी मऊ, आणि माझ्यात बसली की उजवा पाय शिशाचा, वेगाच्या पेडलवरून उठतच नसे. शनिवारी संध्याकाळी आम्ही वुडवर्ड रस्त्यावर जायचो. लाल सिग्नलला शेजारी एखादी शेव्ही, म्हणजे शेवरोले, येऊन उभी राहायची, तिच्यातला तरुण बर्निसकडे बघून हसायचा. सिग्नल हिरवा झाला की त्याचं हसू मागच्या आरशात दिसायचं. काझ बाजूला बसून "हळू, बर्निस, हळू" म्हणायचा, आणि घरी आल्यावर तीच हकिगत शेजाऱ्यांना तिप्पट करून ऐकवायचा.

शेजारी कोण? तर ओडेल प्रूइट. फ्लिंटचा माणूस, उभा जन्म शेवरोलेत गेलेला. निवृत्त झाल्यावर लेकीजवळ राहायला म्हणून त्यानं नेमकं आमच्या कुंपणापलीकडचं घर घेतलं. पहिल्याच दिवशी त्याचा शेव्ही ट्रक दारात लागला. काझ कुंपणापाशी गेला आणि म्हणाला, "अरे, बिघडलेली गाडी रस्त्याच्या कडेला लावायची असते."

ओडेलनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझी तर आतच आहे."

झालं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. एकमेकांच्या गाडीचा अपमान केल्याशिवाय त्यांना कॉफी गोड लागत नसे. हिवाळ्यात ओडेल आधी आपल्या दारातला बर्फ उपसायचा, मग आमच्या. उपसताना ओरडून सांगायचा, "फोर्डवाल्यांना फावडंसुद्धा सुरू करता येत नाही!" बर्निस त्याला गरम पिएरोगींचं, म्हणजे पोलिश उकडीच्या करंज्यांचं, ताट पाठवायची. ताट रिकामं परत यायचं, वर एखादा टोमणा ठेवलेला असायचा.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

काझचे डोळे जायला लागले. एकदम नाही. बघताना मधोमध एक डाग, कडेनं सगळं ठीक. त्यानं कुणाला कळू दिलं नाही. टीव्हीवर सामना बघताना इतर ओरडले की तोही ओरडायचा, अर्धा श्वास उशिरा. वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि म्हणायचा, "काही अर्थ राहिला नाही यात." मला चालवायचंही त्यानं हळूहळू सोडलं; गुडघ्यावर ढकललं. गुडघे ठणठणीत होते. मला माहीत होतं. पण मी कुणाला सांगणार?

एका शरद ऋतूत त्यानं दरवर्षीसारखं रेडिएटर रिकामं केलं आणि नवं भरलं. फळीवर दोन कॅन शेजारी शेजारी होते. एकात थंडीत न गोठणारं हिरवं द्रावण, दुसऱ्यात साधं पाणी. वरची अक्षरं त्याला दिसली नाहीत आणि विचारायचं कुणाला नव्हतं, कारण विचारलं तर कळलं असतं. मला घोट गिळतानाच चव वेगळी लागली.

जानेवारीत आमच्याकडे श्वाससुद्धा गोठतो. एका पहाटे माझ्या पोटात पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला, आणि लोखंडाला आरपार भेग पडली. आवाज फार मोठा नव्हता. सुकी फांदी मोडावी एवढाच.

वसंतात काझनं बॉनेट उघडलं तर खाली थारोळं. तो वाकला, अंगठ्यानं ती भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग त्यानं फळीवरचा कॅन उचलून हुंगला. बर्निस दारात उभी होती. तिला त्या क्षणी सगळं कळलं: गुडघे, वर्तमानपत्र, सामने, सगळं.

तो एवढंच म्हणाला, "झाकून टाक हिला."

बर्निसनं दुसरं इंजिन आणायचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "नको. कुठलंही आण, ती मी फोडलेली गाडीच राहणार." त्यानंतर मी ताडपत्रीखाली गेले आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खुर्चीत. चर्च सुटलं, वुडवर्ड सुटलं. ओडेलनं कुंपणावरून टोमणा मारला तर इकडून उत्तर जाईना. अशा माणसाला चिडवण्यात काय मजा? ओडेलही गप्प झाला. त्या वर्षांत माझ्या मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं. पोरंबाळं, खुडबूड, रोजची भांडणं. आमच्या आवारात हसताखेळता संसार तेवढाच होता.

मग ईस्टरआधीच्या एका शुक्रवारी चर्चमध्ये उपासाचं, मांस वर्ज्य म्हणून तळलेल्या मासळीचं, जेवण होतं. ओडेल आत दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि बाहेर कुणाची तरी गाडी बर्फावरून घसरत येऊन त्याच्या ट्रकच्या पाठीत शिरली. ट्रकचं मागचं अंग पार चेपलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या गॅरेजच्या दारात उभा राहून बर्निसला म्हणाला, "माझं धड गेलं बर्निस, काळीज शाबूत आहे. आणि तुझ्याकडे नुसतंच धड पडलंय."

तो थट्टा करत होता. बर्निसनं ताडपत्रीचं टोक धरून ओढलं.

"कधी सुरू करायचं?"

ओडेलचं हसू मावळलं. "अगं, मी सहज बोललो. काझ मला जिवंत ठेवेल का?"

"तुझं नंतर बघू. आधी त्याला जिवंत करायचंय."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं. आयुष्यभर जिला सिग्नलवर मागे टाकलं, त्या सवतीचं इंजिन माझ्या पोटात? तेही ट्रकचं! उद्या मी वळणावर वाळू भरायला थांबले तर?

मला ढकलत ओडेलच्या गॅरेजात नेलं. बर्निसनं काझला सांगितलं, "उंदीर काढायला नेलीय."

काही आठवड्यांनी काझनं खुर्चीतूनच विचारलं, "अजून उंदीर निघतायत?"

"खूप आहेत."

"वेल्डिंग करून काढतायत वाटतं."

बर्निसनं खिडकी लावून घेतली. 

ते इंजिन माझ्यात सुखासुखी बसलं नाही. बरं वाटलं मला. निदान माझ्या हाडांनी तरी घराण्याची लाज राखली. त्याच्या तळाचं तेलाचं भांडं माझ्या स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटायचं. धुराचे पाइप माझ्या अरुंद फासळ्यांत शिरेनात. ओडेल घोडा छाप पत्र्याला फ्लिंटच्या खास शिव्या द्यायचा आणि बर्निस दिवा धरून म्हणायची, "तिला बोलू नकोस, तुझंच ढेरपोटं आहे." शेवटी भांडं कापून पुन्हा जोडलं, पाइप वाकवले, इंजिनाला टेकायला नव्या बैठका केल्या. जरा मी सरले, जरा ते सरलं. पहिल्यांदा तेल अंगभर फिरलं तेव्हा मी रुसून बसायचं ठरवलं होतं. पण इतक्या वर्षांनी अंगात ऊब आली हो. रुसायचं राहूनच गेलं.

मला घरी आणलं त्या दिवशी बर्निसनं काझला हाताला धरून बाहेर अंगणात उभं केलं. त्याची दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. ओडेल कुंपणाला धरून उभा होता, लागलंच तर पलीकडे उडी मारता यावी अशा बेतानं.

बर्निसनं चावी फिरवली. आधी मागून पेट्रोलच्या विजेच्या पंपाची बारीक गुणगुण आली. माझ्या जुन्या इंजिनाला असलं काही नव्हतं. त्याला दोनदा पाय दाबून, लाडीगोडी लावून उठवावं लागे. हे मात्र पहिल्याच हाकेला उठलं.

काझनं मान तिरकी केली. ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"ओडेल," तो म्हणाला, "तुझा ट्रक बर्निसच्या हातात कशाला दिलास?"

आणि वळून, भिंत चाचपत आत गेला.

ओडेलनं टोपी काढली. बर्निसनं मला बंद केलं आणि ती त्याच्यामागे गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"फोर्डमध्ये शेव्ही," काझ म्हणत होता. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तू कुणाला भेटतोस?"

त्याची खुर्ची करकरली.

"तू माझी गाडी फोडलीस, काझ, मी एका शब्दानं बोलले नाही. पण तिच्याबरोबर तू स्वतःलाही झाकून टाकलंस. मी एकटीच राहिले ना रे या घरात. तिच्यावरची ताडपत्री मी काढली. तुझ्यावरची कोण काढणार?"

बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. मग भांडी जागेवर लावल्याचा आवाज आला.

सकाळी तो बाहेर आला. दाढी केलेली, हनुवटीखाली एक पट्टा राहिलेला. माझ्या पिवळ्या अंगावरून हात फिरवत उजव्या, म्हणजे आमच्याकडे चालकाच्या शेजारच्या, दाराशी गेला आणि बसला. "एक अट," तो म्हणाला. "वुडवर्डवर बॉनेट उघडायचं नाही."

ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. हजारो गाड्या रांगेनं फिरतात आणि बाकीचे कडेला घडीच्या खुर्च्या टाकून त्यांना नावं ठेवतात. आम्हीही एका दुकानासमोरच्या मैदानात जागा धरली. ओडेल मागच्या सीटवर, उंदरांच्या जागी, गुडघे हनुवटीला लावून आला होता.

थोड्याच वेळात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. अंगावर ठिकठिकाणी फोर्डची चिन्हं. मेळ्यात असा एक माणूस असतोच. तो गाड्या बघायला येत नाही, चुका बघायला येतो.

"आवाज काही ओळखीचा वाटला नाही," ते म्हणाले. "बॉनेट उघडता का?"

"अडकलंय," काझ म्हणाला.

"फोर्डचा आवाज असा नसतो."

"सर्दी झालीय तिला."

गृहस्थ वाकून खालून बघू लागले. उठले ते चेहरा पाडून. काझला सोडून ते बर्निसला म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय हो. यात शेव्हीचं इंजिन आहे. अस्सल गाडीचं वाटोळं केलं. घरात गाडीतलं कळणारं कुणी नव्हतं का?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. बर्निसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ओडेल खुर्चीतून उठायच्या बेतात होता, तेवढ्यात काझ उठला. माझ्या कडेकडेनं हात लावत पुढे आला, घोड्याखालची कडी त्याच्या बोटांना बरोबर सापडली, आणि त्यानं बॉनेट सताड उघडलं.

"बघा," तो म्हणाला. "अस्सल इंजिन मी फोडलं. मी. जन्मभर इंजिनं जुळवली आणि घरच्या गाडीत थंडीचं पाणी म्हणून साधं पाणी ओतलं. का, तर मला दिसत नाही."

एवढं बोलून तो थांबला. हे तीन शब्द त्यानं आजवर बर्निससमोरही उच्चारले नव्हते.

"मला दिसत नाही," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा सहज. "हे इंजिन या माझ्या शेजाऱ्याचं. त्यानं आपल्या ट्रकमधून काढून दिलं. आणि माझ्या बायकोला कुणी फसवलेलं नाही. तिनंच मला फसवलं, उंदीर काढते म्हणून."

 गृहस्थांनी बॉनेटखाली डोकं घातलं, तेलाच्या भांड्याचा जोड पाहिला, पाइपांची वळणं पाहिली, आणि हळूच विचारलं, "चालते कशी?"

"मला काय विचारता? मी नुसता बसतो. तिला विचारा."

बर्निसनं चावी दाखवली. "बसा. दाखवते."

ते बसले. परत आले तेव्हा इस्त्री मोडलेली होती आणि ते कुणाशीही अस्सलपणाबद्दल बोलले नाहीत. ओडेलनं त्यांना थंड पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "घाबरू नका, शेव्ही आहे. परत आणतेच." त्यावर काझ म्हणाला, "ब्रेक फोर्डचे आहेत म्हणून परत आलात." ओडेलनं टोपी गुडघ्यावर आपटली. किती वर्षांनी त्याला कुंपणापलीकडून उत्तर मिळालं होतं!

आता आम्ही दर आठवड्याला बाहेर पडतो. दोघं पुढे, कधी ओडेल मागे. थंडीचं द्रावण बर्निस भरते आणि काझ प्रत्येक कॅन आधी हुंगून मग तिच्या हातात देतो. इंजिनाचं आणि माझं म्हणाल तर बरं चाललंय. चढावर मला त्याचा आधार वाटतो. हे ओडेलला सांगू नका, डोक्यावर बसेल.

तुम्ही कधी इकडे आलात आणि वुडवर्डवर तुमच्या शेजारी एक पिवळी, म्हातारी मस्टँग येऊन थांबली, तर माझं एक ऐका. पोटात कुणाचं इंजिन आहे ते विचारलंत तरी चालेल, आता काझ स्वतःच सांगत सुटतो. फक्त खिडकीत कोपर टेकून बसलेल्या त्या माणसाकडे बघून नुसता हात हलवू नका. त्याला कळणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की म्हातारा शिष्ट आहे.

हॉर्न वाजवा.