आरशाचं बिनपैशाचं गिऱ्हाईक

मी आरसा बोलतोय, तेही भिंतीकडे तोंड करून. तेव्हा आवाज दबका आला तर सांभाळून घ्या. वर्गात खोडी काढलेल्या पोरासारखं उभं केलंय मला. आणि गुन्हा काय? समोर आलं ते दाखवलं!

उंचीनं मी माणसाच्या वर. कारखान्यात जन्मलो, पण अक्कल आली ती मास्तरांच्या कपडे शिवायच्या दुकानात. मास्तरांनी मला जरासा मागे कलता लावला होता. त्यामुळे ढेरपोट्याही सडपातळ दिसायचा. "वजन उतरलं वाटतं!" असं म्हणत तो पोट आत घ्यायचा आणि मास्तर टेप दातांत धरून हसू दाबायचे. शाळेत मी गेलो नाही. पण मोठमोठे हेडमास्तर नवा कोट घालून माझ्यापुढे दात विचकून गेलेत. म्हणजे शिक्षण झालंच की माझं!

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं. सूनबाईने दुकानातल्या वस्तू मोबाइलवरच्या लिलावात काढल्या. मशीन गेलं, इस्त्री गेली. राहिलो मी, घराच्या बाहेरच्या खोलीत, दारासमोर.

माझ्यावर बोली चढू लागली तसा मी नवरदेवासारखा ताठलो. जिंकणाऱ्याचा निरोप आला, "पैसे उद्या भरतो, ताई. तेवढा एक फोटो बाजूने काढून पाठवा ना." फोटो गेला, उद्या काही आला नाही. सूनबाईने आठवण केली, मुदत दिली, शेवटी सौदा मोडून मला पुन्हा बोलीला लावलं. दुसरं नाव जिंकलं. त्याला दाराकडचा भाग दिसेल असा फोटो हवा होता. टेम्पो पाठवतो म्हणाला म्हणून सूनबाईने पत्ताही दिला. ना टेम्पो, ना पैसे. तिसऱ्याला मी दुपारच्या उजेडात बघायचा होतो. तोही गप्प.

"बोहल्यावरून पळणाऱ्या नवऱ्यांची रांगच लागलीये तुझ्या दारात," सूनबाईचा नवरा तिला चिडवायचा.

मास्तर पलंगावरून म्हणाले, "माझ्याकडेही एक यायचा. माप देऊन जायचा, कापड कधी आणलं नाही."

"मग, बाबा?"

"मग काय, एक दिवस गल्ला गेला!"

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटत होतं, माझ्या रूपावर भाळलेत सगळे.

सूनबाईने तिन्ही नावांना बंदी घातली. त्यांच्या खालोखाल बोली लावणाऱ्या, नाच शिकवणाऱ्या बाईंना काल तिने फोन केला. आरसा घेता का, म्हणून विचारलं. त्यांनी आधी माझी रुंदी विचारली, जिन्यातून वर चढेल का विचारलं. मग म्हणाल्या, "रागावू नका, पण तुमच्या फोटोंत आरसा कमी आणि घर जास्त दिसतंय. दाराच्या कडीचा स्क्रू निघालाय, कपाटाला किल्ली तशीच लटकतेय. आणखी कुणाला पाठवलेत हे?"

सूनबाईने फोन ठेवला. तिघांना पाठवलेले फोटो तिने एकापाठोपाठ एक पाहिले. दार, बोळ, कपाट, मास्तरांचा पलंग. अख्खं घर माझ्या पोटात मांडलेलं! आणि त्या तिघांतल्या एकानेही माझी उंची विचारली नव्हती.

तिने मला भिंतीकडे फिरवलं. पण चहा सांडल्यावर कप उलटा ठेवून काय उपयोग?

आज दुपारी ती नवी कडी आणायला निघाली. "बाबा, दार उघडू नका हं कुणाला."

"अगं, मला कोण पळवतंय? वैतागून परत आणून सोडतील!"

ती गेली आणि थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. बाहेरून गोड आवाज आला, "आरसा न्यायला आलोय, काका. पैसे रोख आणलेत."

गिऱ्हाईक म्हटलं की आमचे मास्तर विशीतले होतात. पलंग करकरला. "आलो आलो! थांबा हो, काठी सापडेना."

"सावकाश, काका. पलंगाच्या डाव्या अंगाला टेकवलेली असेल बघा."

पलंग करकरायचा थांबला.

मास्तरांची काठी उजव्या अंगाला असते. नेहमी. डाव्या अंगाला ती दिसते फक्त माझ्यात. जन्मभर गिऱ्हाइकाला माझ्यापुढे उभं करून बाही टाचलेला माणूस तो. त्याला वेगळं सांगायला नको. बाहेरच्याने ही खोली पाहिलीये, आणि पाहिलीये ती फोटोतल्या माझ्यातूनच.

"उद्या या," मास्तर म्हणाले. आवाज पुन्हा म्हातारा झाला होता. "मुलगा आत झोपलाय. उठला की खेकसतो."

बाहेर कुणीतरी बारीक हसलं. "मुलगा कामावर गेलाय, काका."

आता नुसती कडी हलतेय, हळूहळू, दात हलवून बघावा तशी. मास्तर पलंग दाराकडे ढकलताहेत, पण पाय सरकतात त्यांचे. मला काहीच दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी ओरडायला तोंड कुठेय मला? तुम्हाला ऐकू येतंय ना? मग तिला गाठा कुणीतरी. सांगा, सूनबाई, कडी राहू दे आता. तू ये. चार माणसं घेऊन ये.