मागची काच

"गाडीसमोर गाडीची निंदा करायची नाही," मी म्हणाले. "बोलायचंच असेल तर आत चला."

"आई, तिला काय कान आहेत?" चिरंजीव म्हणाले.

"तुला आहेत ना? मग तू ऐक."

दुकानामागच्या अंगणात आमची जुनी पिकअप बॉनेट उघडे टाकून उभी होती. तिच्याखाली मिस्त्री शिरलेले होते. त्यांचे फक्त बूट दिसत होते. माझी नात मडगार्डला टेकून उभी होती. परवाना मिळाल्यापासून ती कशालाही टेकली तरी गाडी चालवत असल्यासारखी टेकत असे. सूनबाई दुकानाच्या दारात होत्या, एक कान गिऱ्हाइकाकडे आणि दुसरा आमच्याकडे.

मिस्त्री सरपटत बाहेर आले. "सांगाडा खणखणीत आहे, आजी. पण तळाचा पत्रा गेलाय, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. होईल सगळं. फक्त दोन-तीन महिने गाडीची आठवण काढू नका."

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड," चिरंजीव म्हणाले. "त्यापेक्षा नवी घेऊ. स्टिअरिंग हलकं, दार एका बोटानं लागतं. आणि मुख्य म्हणजे मागं काच आहे."

हे शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते. काचवाल्यांच्या गाडीला मागची काच नाही, ही आमच्या रस्त्यावरची सर्वांत जुनी थट्टा. ती काच फुटलेली नव्हती. माझ्या सांगण्यावरून आमच्या ह्यांनी ती स्वतः काढली होती. हे काच कापीत आणि मी ती पोहोचवीत असे. मागे लाकडी घोडीवर तिरप्या टेकवलेल्या काचा गाडी चालू लागली की एका सुरात घुमतात. एखादी पाचर सैल झाली, की त्या घुमण्यात बारीक किणकिण मिसळते. ती किणकिण ऐकून जो थांबतो त्याची काच पोहोचते. जो ऐकत नाही तो तुकडे घेऊन परत येतो. आमच्या घरात याला 'काच बोलते' असे म्हणतात. ते बोलणे ऐकू यावे म्हणून चालक आणि काच यांच्यामध्ये काही नको, हा माझा नियम. पावसाळ्यात पाणी थेट मानेवर येई. त्यासाठी सीटमागच्या खुंटीवर एक टॉवेल कायम लटकत असे.

बंद केबिनमध्ये बसणारी माणसे काचेचे ऐकायचे विसरतील, ही माझी धास्ती होती. ह्यांच्यामागे मी हे दुकान ज्या एका गोष्टीवर चालवले, ती माझ्या डोळ्यांदेखत संपेल. म्हणून मी निकाल देऊन टाकला होता: गाडी दुरुस्तच होईल.

"एकदा नवीत बसून तर बघा, आई," सूनबाई म्हणाल्या. "विक्रेता एक दिवस वापरायला देतोय. नाही आवडली तर मी स्वतः तुमच्या बाजूनं बोलेन."

"आणि आवडली तर?"

"तर तुमच्या बाजूनं बोलायची गरजच नाही."

या बाईला मी पसंत केले होते, याचा मला वेळोवेळी अभिमान वाटतो.

नवी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. योगायोगाने त्याच दिवशी नृत्यशाळेचा आरसा पोहोचवायचा होता, भिंतभर, एकसंध. जुन्या गाडीवरची घोडी उतरवून नवीवर बसवली. आरसा चढवला, नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या लावल्या, पाचरी ठोकल्या, पट्टे आवळले. चिरंजीव म्हणाले, "मी चालवतो." मी म्हणाले, "नात चालवेल." ती इतकी पटकन चढली की मला वाटले, दार लावायलाच विसरेल. दार खरोखरच एका बोटाने लागले.

मी तिच्या शेजारी बसले. चिरंजीव दुकानाच्या मोटरसायकलवरून मागोमाग निघाले. मनात विश्वास नसला की माणूस मागून येतो.

पहिला चौक गेला. पूल गेला. जुन्या गाडीत क्लच दाबायचा म्हणजे ही पोर सीटवरून अर्धी उभी राहायची. इथे ती ताठ बसून रस्ता बघत होती, अगदी मालकिणीसारखी. पण आत कशी शांतता! गादी भरलेल्या खोलीत बसल्यासारखे.

"काही ऐकू येत नाही," मी म्हणाले. "हेच मी सांगत होते. थांबव आणि परत फिरव."

"थांब ना, आजी." तिने दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या. वारा आला, रस्त्याचा आवाज आला. मी कान लावले. सवयीने डोळेही मिटले.

थोडे पुढे गेल्यावर गाडीचा वेग उतरला. तिने ती कडेला घेतली.

"काय झालं?"

"काच बोलतेय, आजी. किणकिण. डावीकडून, खालून."

मी उतरून पाहिले. डावीकडची खालची पाचर निम्मी बाहेर आली होती आणि आरशाची कड लाकडावर टेकू पाहत होती. पुढचा गतिरोधक समोरच दिसत होता.

चिरंजीवांनी मोटरसायकल लावली आणि धावत आले. "कुणी ऐकलं?"

"मी," नात म्हणाली. "आजीनं आधीच ऐकलं असणार. माझी परीक्षा बघत होती."

मी पाचर हातोडीने आत ठोकली. एरवी तीन ठोके पुरतात; त्या दिवशी मी बरेच मारले. मला वाऱ्याखेरीज काही ऐकू आले नव्हते. नवी गाडी मुकी नव्हती, आणि माझी जुनी गाडीही अलीकडे मला मुकी का वाटत होती, ते मला तिथे रस्त्याच्या कडेला समजले. दुःख व्हायला हवे होते. पण तो आरसा अख्खा उभा होता, त्यात माझी नात माझ्या हातातली हातोडी मिळण्याची वाट बघत उभी दिसत होती, आणि मला हसू आवरेना.

"ठोक," मी म्हणाले. "शेवटचा तू."

नृत्यशाळेत आरसा भिंतीला लागला. परत येताच मी अंगणात सर्वांना उभे केले.

"नवी घ्यायची."

"अहो आई, काल तर तुम्ही—"

"कालचं काल. पण मागची काच काढायची. ती अट आहे."

"म्हणजे पुन्हा मानेवर पाऊस," चिरंजीव म्हणाले.

"काढायची कशाला?" नात म्हणाली. "सरकती बसवू. ऐकायचं तेव्हा उघडी, पाऊस आला की बंद."

अंगणात तीन पिढ्यांचे काचवाले एकमेकांकडे बघत उभे होते. सरकत्या काचा आम्ही अख्ख्या गावाच्या खिडक्यांना बसवल्या होत्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सूनबाई हळूच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मग मिस्त्री हसले, चिरंजीव हसले. मला हे सुचले नव्हते असे मी म्हणणार नाही. मला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

नव्या गाडीची काच मी स्वतः कापली. गाडीला थरांची काच लागते; दोन्ही अंगांनी काच कापायचा हिरा फिरवावा लागतो. हात अजून स्थिर आहे. नात शेजारी कान देऊन उभी होती. हिरा टोकाला पोहोचला तेव्हा ती म्हणाली, "आवाज मध्ये कुठं तुटला नाही, आजी." मला ते मनगटात कळलेच होते, पण मी तिला सांगू दिले.

"मग जुनीचं काय करायचं?" चिरंजीवांनी विचारले. 'नवी घेऊ' म्हणून घर डोक्यावर घेणारा हाच मुलगा आता जुनीच्या दारावरची धूळ बाहीने पुसत होता.

"मिस्त्रींना देऊ. ते तिच्याकडे लग्नाळू माणसासारखे बघताहेत."

मिस्त्री लाजले. "दोन-तीन महिन्यांत ओळखणार नाही तुम्ही तिला, आजी."

"मग नकोच. ओळखू येईल इतपतच करा."

दुसऱ्या दिवशी ते तिला न्यायला आले. दोनदा खोकून ती सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडली. मागच्या मोकळ्या चौकटीतून मिस्त्रींचे डोके दिसत होते. आभाळ निरभ्र होते, तरी त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढून मानेभोवती नीट गुंडाळून घेतला होता.