छांगहो आणि न फुटणारा शिंपला

आमच्या शेजारचा बू छांगहो फेरीबोटीवरून निवृत्त झाला आणि टीव्हीसमोर बसला. तिथं त्याला जॉनबोकच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायीच्या, शिंपल्याचं गुपित कळलं आणि गल्लीची शांती गेली.

"शिंपला मुळात खडूचाच," तो वाटेत अडवून सांगायचा. "पण कागदासारखे पातळ थर, अन् मध्ये चिकट लेप. तडा आला की थराशी अडतो, आडवा वळतो, पुन्हा अडतो. शेवटी दमतो."

"ऐकणारेही दमतात," त्याची बायको मालसून म्हणाली. ती आणि मी रोज बुडी मारून समुद्रातून तेच शिंपले काढतो. आम्हाला त्यातलं मांस शिजवता आलं म्हणजे झालं.

हे छांगहोच्या मनाला लागलं. एका सकाळी त्यानं अंगणात दगडावर खडूचा तुकडा ठेवला आणि हातोडा हाणला. भुगा झाला.

"बघितलंत?"

"बघितलं," लसूण सोलत बसलेली त्याची सासू म्हणाली. "आता तो भुगा काय तोंडाला लावू, जावईबापू?"

मग त्यानं शिंपला ठेवला, बाह्या सारल्या आणि सगळा जोर लावला. हातोडा टणकन उसळला. दांडा त्याच्या हातातच राहिला. लोखंडी डोकं उडालं ते थेट आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणावर. रांजण फुटला, आणि वर्षभराचा द्वेनजांग, सोयाबीनचा तो घट्ट लगदा, आरामात अंगणात पसरू लागला.



"अहो," मालसून म्हणाली, "त्या रांजणाला थर नव्हते वाटतं."

वास गल्लीभर गेला. बायका वाडगी घेऊन धावल्या; मीही दोन भरून नेली. छांगहो मात्र शिंपला उन्हात धरून उभा. सासूनं तो त्याच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"काठाला तडा गेलाय. बोटभर आत येऊन वळलाय, तिथंच संपलाय. माणूस खरं बोलत होता गं."

छांगहोची छाती फुगली. मालसूननं त्याच्या हातात खराटा दिला.

बाजाराच्या दिवशी तो नवा रांजण पाठीवर बांधून चढ चढत होता. धापा टाकत आम्हाला समजावत होता, की भाजलेल्या मातीत तड्याला अडवायला कोणी नसतं, म्हणून तो सरळ धावतो. मालसून मागून रांजणाला दोन्ही हातांनी आधार देत चालली होती.

"पायाखाली बघा," ती म्हणाली, "आणि बोलायचं ते घरी गेल्यावर बोला. मी ऐकेन."