पाणीसाहेबांचा प्रश्न

विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागात बाईंचा दरारा असा, की त्या जिना चढू लागल्या की मंडळी चहाच्या कपांसकट आपापल्या खोलीत पसार होत. बाई विभागप्रमुख. शहरात कुणाच्या घरी काय बोललं जातं, याचा नकाशा त्यांच्या खोलीत भिंतभर लावलेला होता, एकेका भाषेला एकेक रंग. शाळेला, कोर्टाला, इस्पितळाला दुभाषा हवा असला की फोन त्यांनाच यायचा, आणि बाई खुर्चीतून न उठता सांगायच्या, अमुक गल्लीत जा, बोलणारं माणूस सापडेल. अगदी बारा भाषांचं पाणी प्यायलेल्या बाई.

नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर. सगळी कॉलनी त्यांना पाणीसाहेब म्हणायची. त्यांची मातृभाषा वेगळी, दूरच्या किनाऱ्यावरच्या मूठभर लोकांची. पण लग्नापासून घरात चालली ती शहराची, सगळ्यांची भाषा. "बारा भाषा येतात हिला, पण नवऱ्याशी भांडायला एकच वापरते," असं पाणीसाहेब पाहुण्यांना सांगत, आणि बाईंसकट सगळे हसत.

बाईंनी नवऱ्याची भाषा शिकून घेतली नाही, ती काही आळसाने नव्हे. त्यांचा बाणाच होता तसा. माणसांना समोर बसवायचं, तोंडाशी माइक धरायचा आणि हाताला काय म्हणता, पायाला काय म्हणता, हे विचारायचं, यात त्यांचा जन्म गेला. घरी नवऱ्याला आणि सासूला असं नमुन्यासारखं तपासायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सासू स्वयंपाकघरात मुलाशी आपल्या भाषेत बोलू लागली की बाई मुद्दाम उठून बाहेर जात. न जाणो, कान आपोआप टिपायला लागायचे. याला त्या माया समजत होत्या.

मग पाणीसाहेबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, वाचाही परत आली. पण आली ती फक्त आईकडची. शहराची भाषा मुळासकट गेली, बोलायचीही आणि समजायचीही.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. तुम्हाला मी काय सांगणार, बाई?"

खरंच होतं ते. बाईंनी हे वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं.

विभागात शोधाशोध केली, तर त्या भाषेची निघाली एक जुनी फीत. तिच्यावर शब्दांची यादी, कुठल्याही भाषेसाठी विचारतात तीच: ऊ, राख, हाड, ढग, शेपूट. 'कुठे दुखतंय' हे त्यात नव्हतं. नकाशावर तर त्या भाषेला रंगच नव्हता.

"असं कसं झालं?" बाईंनी सर्वेक्षण बघणाऱ्या सहकाऱ्याला फैलावर घेतलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, अख्ख्या शहरात एकच घर होतं. तुमचं. आणि तुमच्या घरी विद्यार्थी पाठवायची कुणाची टाप होती?"

रोज संध्याकाळी दिवे लागले की पाणीसाहेब बाईंकडे बघून एकच वाक्य म्हणत. सूर प्रश्नाचा आहे, एवढं कळायचं. बाईंनी ते वाक्य ध्वनिलिपीत उतरवून घेतलं. कुठे श्वास जास्त, कुठे स्वर नाकातून, काही म्हणून सुटलं नाही. माणसाला पाणी हवंय की मरण हवंय, ते मात्र कळेना. बाई पेला पुढे करत, उशी सारखी करत, पाय चेपत. पाणीसाहेब थोडा वेळ वाट बघत आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

शेवटी बाईंनी दूर किनाऱ्यावरच्या गावी राहणाऱ्या नणंदेला फोन लावला. सासू गेल्यापासून दोघींचा अबोला होता. पण आता मानापमान कसला? ऐकून वन्सं म्हणाल्या, "द्या बघू दादाला फोन." कानाशी आवाज आला, पण माणूस दिसेना, तेव्हा पाणीसाहेबांनी घाबरून फोन भिरकावून दिला.

"तुम्हीच या ना, वन्सं."

"कशी येऊ, वहिनी? दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. बिछान्यावरून उठवत नाही."

मग बाईंनी ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून हुंदका आला.

"अगदी दादासारखं बोललात हो. आईने ऐकायला हवं होतं. तुम्ही उठून जायचात ना, तिला वाटायचं, आपल्या बोलण्याचा सुनेला वीट आहे. जाईपर्यंत तेच म्हणत होती."

तसं नव्हतं, पण ते आता कुणाला सांगणार?

"अर्थ काय त्याचा, वन्सं?"

"तो विचारतोय, 'या घरात आपलं बोलणारं कुणी आहे का?'"

बाईंनी नणंदेकडून उत्तर शिकून घेतलं. 'मी आहे. बोला ना.' एवढंच. दुसऱ्या दिवशी विभागात खोलीचं दार लावून त्या दुपारभर ते घोकत बसल्या. याच्या पुढचं आपल्याला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एखाद्या विद्यार्थ्याने असा आगाऊपणा केला असता तर त्यांनी त्याची खरडपट्टी काढली असती. पण नवऱ्याचा चेहरा त्यांना एकदा फुललेला बघायचा होता.

संध्याकाळी पाणीसाहेबांनी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. उच्चार तिथल्याच माणसासारखा, नावं ठेवायला जागा नाही.

पाणीसाहेब धडपडत उठून बसले. बाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बोलायला लागले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. बोलता बोलता हसले, डोळे पुसले, दाराकडे बोट करून कुणाची तरी तक्रार केली, मग आवाज अगदी खाली आणून काहीतरी खासगी सांगितलं. बाईंच्या कानात एकेक ध्वनी लख्ख पडत होता. त्यातलं अवाक्षरही त्यांना कळत नव्हतं. मग पाणीसाहेबांनी काहीतरी विचारलं, आणि बाईंच्या तोंडाकडे बघत ते उत्तराची वाट पाहू लागले.