दोघांच्या सहीचं खातं

लेकीने मोबाइल बापासमोर धरला. रिफंड मंजूर, रक्कम बँकेकडे पाठवली, आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘जमा होऊ शकली नाही’. बाप छापखान्यांची पुस्तकं बांधून देणारा बाइंडर. त्याने खळीचे हात फडक्याला पुसले, चष्मा नीट केला आणि पुन्हा वाचलं. छापखान्यांनी यंदा त्याच्या बिलांतून जरा जास्तच कर कापला होता. तो परत कधी येतो हे तो चहाच्याही आधी लेकीला बघायला लावायचा, आणि आता पैसे दारापर्यंत येऊन माघारी फिरले होते.

“खातं बंद पडलंय म्हणे. बाबा, कुठलं खातं दिलं होतंत?”

“काकाचं आणि माझं.”

काका हा शब्दच या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

ते खातं वडिलांनी दोघा भावांच्या नावाने उघडून दिलं होतं, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही अशा अटीवर. मग आई आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पण टेबलावरून उठतील याची खात्री नाही. थोरल्याने, म्हणजे बाइंडरने, नको म्हटलं. आई गेली, आणि दवाखान्याच्या जिन्यात, चार लोकांदेखत, धाकटा म्हणाला, “तिला तू मारलंस.” त्यानंतर दोघांनी एकमेकांचा उंबरा शिवला नाही. खातं बंद करायचं तरी दुसऱ्याशी बोलावं लागलं असतं, म्हणून तेही तसंच राहिलं. दरवर्षी कर सल्लागार विचारायचा, खात्याचा नंबर तोच ठेवू ना? बाइंडर मान हलवायचा. रिफंड कधी निघतच नसे, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

“अहो बाबा, सोपं आहे,” लेक म्हणाली. “तुमच्या दुसऱ्या खात्याचा नंबर टाकायचा आणि पुन्हा पाठवा म्हणून अर्ज करायचा. आत्ता करून टाकते.”

“नको. राहू दे आज.”

आतून बायकोने ऐकलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती या दोघा भावांबद्दल नेहमी म्हणायची. आज मात्र नवऱ्याचा धुतलेला सदरा तेवढा तिने खुर्चीवर आणून ठेवला.

बँकेतून खातं पुन्हा चालू करण्याचा अर्ज घेऊन तो धाकट्याच्या फ्रेमांच्या दुकानाशी पोचला. एकदा पुढे निघून गेला, मग परत आला. धाकटा काच कापत होता. पार वाळला होता, केस पांढरे झाले होते. भावाला बघून त्याचा हात थबकला, पण रेघ पुरी केल्याशिवाय त्याने मान वर केली नाही.

बाइंडरने वाटेत घोकलेलं एका दमात सांगून टाकलं. रिफंड अडकलाय, हे खातं चालू झाल्याशिवाय मिळायचा नाही, बँकेला दोघांच्या सह्या हव्यात. या भावाशी तो लहानपणीही कधी खोटं बोलला नव्हता. त्याचे कान तापले.

धाकट्याने काचेचा चुरा ब्रशने झटकला.

“माझाही मागच्या वर्षी परत गेला होता. मीही हेच खातं दिलं होतं,” तो म्हणाला. “दुसरा नंबर टाकला, लगेच आला. सहीबिही काही लागत नाही.”

बाइंडर मान खाली घालून अर्जाची घडी करू लागला. इतकी लाज त्याला जिन्यातल्या त्या दिवशीही वाटली नव्हती.

धाकट्याने त्याच्या हातातून अर्ज काढून घेतला, टेबलावर पसरला आणि खिशातलं पेन काढलं.

“कुठे करायची सही, दादा?”