लोर्नाचा खुंट

आमच्या कॉलेजच्या किनारा-सत्रात विद्यार्थ्यांचा गट एकच आणि शिक्षक चार. एकाने शिकवायचं तेव्हा बाकीच्या तिघांनी मुलांबरोबर बसून ऐकायचं. मी खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, शिकवतो. माझी बायको लोर्ना या किनाऱ्याचा इतिहास शिकवायची. मार्चमध्ये ती गेली. आता तिच्या जागी ब्रिन आहे. चांगली मुलगी आहे, पण तिच्या तासाला मी अजून बसलो नव्हतो.

दर सत्राला खाजणात, गवताच्या कडेपासून थोडं आत, लाकडाचा एक खुंट ठोकायचा आणि समुद्राने किती जमीन खाल्ली ते कळावं म्हणून पुढच्या गटांनी तिथून कडेपर्यंत मोजायचं, हा आमचा रिवाज. खुंट हलवायचा नाही. समुद्र नेईल तेव्हा नेईल. हा नियम लोर्नाचाच. मागच्या वर्षीचा खुंट तिने आजारपणातही घडीच्या खुर्चीत बसून ठोकला होता.

यंदा ऑक्टोबरात आम्ही गेलो, तर कड त्या खुंटाला जवळजवळ येऊन भिडली होती. खालची माती सुटली होती आणि रेडिओवर वादळाचा इशारा होता.

"टकर, फावडं आण," मी एका विद्यार्थ्याला म्हणालो. "हा काढून मागे झुडपापाशी ठोकू."

"आधी पाय तर निघू दे! चिखलाने बूट गिळलाय माझा."

"राहू दे," त्याच्या वर्गातली मेव्ह म्हणाली. "तू पदवी घेईपर्यंत पचेल त्याला."

मुलं हसली. ब्रिन जवळ येऊन हळूच म्हणाली, "एव्हरेट, हलवला तर आतापर्यंतची मापं वाया जातील."

"मला शिकवू नकोस. तू शाळेत होतीस तेव्हापासून मी इथे येतोय."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय."

टकर एका बुटावर, हातात फावडं घेऊन उभा होता. खुंटावर कोरलेलं लोर्नाचं नाव त्याने वाचलं असावं. "काढू ना?" त्याने विचारलं.

लोर्नाचे कपडे तिची बहीण घेऊन गेली होती. पुस्तकं कॉलेजात गेली. तिच्या हातचं एवढंच उभं होतं. पण हा हलवला तर उद्या या मुलांना मी कोणत्या तोंडाने मोजायला सांगणार होतो?

"नको," मी म्हणालो. "टेप धर."

कड दोन बोटांवर होती. मुलांनी मागे नवा खुंट ठोकला. मेव्हने हातोडा माझ्यापुढे धरला, "एक घाव तुमचा." मी नको म्हणालो.

वादळानंतर परत गेलो. जिथे खुंट होता तिथे पाणी होतं. मेव्ह मापांची वही आणि पेन्सिल घेऊन थांबली. मोठ्याने विचारायला ती बिचकत होती.

"समुद्राने नेला, असं लिही," मी म्हणालो. "खाली तारीख घाल."

दुपारी ब्रिनचा तास होता. मी जाऊन मागच्या बाकावर बसलो. ती काय शिकवत होती, ते मला आता आठवत नाही.